श्रोत्यांची बैठक

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय मांडण्यासाठी कागदाची पोथी न घेता सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद असे जाड कापड घेतले, आणि त्या पासोडीवर ओव्या व आकृत्या लिहून वेदान्तातील एक दुर्बोध प्रकरण डोळ्यांना दिसेल असे केले. ज्यांच्या गीतार्णवाची ओवीसंख्या सव्वा लक्ष सांगितली जाते त्यांच्या ग्रंथसंभारात ही पासोडी विस्ताराने अल्पच म्हणावी लागेल. परंतु ज्याला वाचनाच्या रूढीचा इतिहास पाहावयाचा आहे त्याच्या दृष्टीने तिचे मोल गीतार्णवाहून अधिक आहे. एकट्याने मांडीवर घेऊन मनातल्या मनात वाचण्याचा हा ग्रंथ नव्हे. तो उलगडावा, एकाने त्यावर बोट फिरवीत मोठ्याने वाचावा आणि समोर बसलेल्यांनी पाहता पाहता ऐकावा, असेच अनुमान त्याच्या आकारावरून निघते. आज शाळेतील मुलांसमोर चित्रांचे मोठे पुस्तक धरून गोष्ट वाचणारे जे स्वयंसेवक आपण पाहतो, त्यांच्या हातातील साधनाची कल्पना बीड जिल्ह्यातील एका ग्रंथकाराला चारशे वर्षांपूर्वीच सुचलेली होती.

मुलांनी जात, वर्ण, धर्म, भाषा किंवा शरीराचे व्यंग यांवरून परस्परांना हीन लेखू नये, यासाठी त्यांना निवडक पुस्तके मोठ्याने वाचून दाखवावी, हा उपक्रम आपल्याकडे परदेशांतून आला अशी एक समजूत आहे. उपक्रमाचे आजचे रूप, त्याची पुस्तके आणि त्यामागील शिक्षणशास्त्र यांपुरती ती खरीही आहे. तथापि, बीड जिल्ह्याचा पूर्वेतिहास ज्याने थोडा बारकाईने पाहिला असेल त्याला दिसेल की, समुदायाला ग्रंथ वाचून दाखविण्याची रीत येथे अत्यंत जुनी आहे, त्या ग्रंथांतून समतेचा उपदेशही अखंड होत आला आहे, आणि तरीही तो उपदेश वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या गावांनी आपल्या वेशीबाहेरच्या वस्त्या जशाच्या तशा ठेवल्या. हे कसे घडले, याचे उत्तर ग्रंथांत शोधून सापडत नाही. ते श्रोत्यांच्या बैठकीत सापडते, असे माझे मत आहे, आणि त्याच दिशेने या लेखात विचार करावयाचा आहे.

मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते, आणि परंपरेने शके १११० मध्ये रचला गेला असे मानलेला त्यांचा विवेकसिंधू मराठी ग्रंथरचनेच्या आरंभी ठेवण्याची रीत आहे; कालनिर्णयाविषयी विद्वानांत वाद असले तरी गावाचा अभिमान त्यामुळे उणावलेला नाही. बीडजवळच्या कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी असून त्यांच्या परमरहस्याचे पारायण मराठवाड्यातील वीरशैव घरांतून आजही होते. योगसंग्रामाचे कर्ते शेख महंमद पुढे श्रीगोंद्यास स्थिरावले, परंतु त्यांच्या घराण्याचा संबंध परंपरा याच जिल्ह्याच्या भूमीशी जोडते. मुसलमान कुळात जन्मलेल्या या सत्पुरुषाच्या मराठी ओव्या वारकऱ्यांनी आपल्या मानल्या, ही गोष्ट ज्या मुलांना कोणी सांगितली नसेल त्यांना ती अवश्य सांगितली पाहिजे. अर्थात या सर्व ग्रंथकारांचा वाचकवर्ग म्हणजे वस्तुतः श्रोतृवर्ग होता. अक्षरज्ञान असणारे गावात मोजके, पोथ्या हस्तलिखित आणि दुर्मीळ, त्यामुळे ग्रंथाचे आयुष्य त्याच्या वाचून दाखविण्यावर अवलंबून असे.

श्रावण लागला म्हणजे खेड्याच्या मारुतीच्या पारावर, देवळाच्या सभामंडपात किंवा पाटलाच्या वाड्याच्या ओसरीवर पोथी लागे. शेतीची पहिली घाई ओसरलेली, पावसाने माणसे गावात अडकलेली, आणि दिवेलागणीनंतरचा वेळ मोकळा. श्रीधरस्वामींचे पांडवप्रताप, हरिविजय किंवा शिवलीलामृत ही पोथ्यांत अग्रगण्य. त्यांतली ओवी कानाला सोपी आणि कथा मनाला ओढून नेणारी. चौरंगावर पोथी ठेवून एकाने ओव्या वाचाव्या आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या जाणत्या माणसाने त्यांचा अर्थ गावच्या बोलीत सांगावा, अशी दोघांची जोडी असे, आणि अर्थ सांगणाऱ्याचे कसब मोठे मानले जाई, कारण द्रौपदीच्या वस्त्रहरणाला गावातल्या कुठल्या दुःखाशी नेऊन भिडवावयाचे हे त्याच्या हाती असे. श्रोते मध्येच विचारीत, तो थांबून उलगडा करी. बायका दाराआडून किंवा मंडपाच्या एका अंगाला बसून ऐकत, मुले पेंगत पेंगत ऐकत, आणि एखादा अध्याय राहिला तर दुसऱ्या दिवशी शेतात त्याच्या पुढील भागाविषयी तर्क चालत. पोथी संपली की समाप्तीचा भंडारा. या श्रवणाने निरक्षर माणसांना जी भाषा दिली, तीत किती ग्रंथांचे संस्कार मिसळले आहेत हे मराठवाड्यातील जुन्या माणसांशी घटकाभर बोलले तरी ध्यानात येते. पुढे गावोगाव रूढ झालेल्या हरिनाम सप्ताहांनी, त्यांतील ज्ञानेश्वरी पारायणाने आणि नारळी सप्ताहांनी हीच परंपरा अधिक मोठ्या प्रमाणावर चालविली.

वाचून दाखविणारा माणूस बहुधा कुलकर्णी किंवा जोशी असे. हाच कुलकर्णी दिवसा चावडीवर दप्तर उघडून सरकारी हुकूम वाची, रयतेच्या नावावरची बाकी सांगे, आणि ज्याला स्वतःला वाचता येत नाही त्याने तो सांगेल ते खरे मानावे अशी स्थिती होती. पोथीचा वाचक आणि दप्तराचा वाचक एकच असल्यामुळे वाचणाऱ्याच्या ठिकाणी धर्म आणि अंमल यांचे सामर्थ्य एकवटले होते. समोरच्या श्रोत्यांपैकी कोणी उठून पोथी आपल्या हाती घ्यावी, अशी कल्पनाही कोणाच्या मनात येण्याजोगी नव्हती.

आता बैठक पाहू. गावातल्या बैठकीला अदृश्य आखणी असे, आणि ती कोणी बोलून दाखवीत नसे, कारण ती प्रत्येकाला पाठ होती. वाचकाजवळ वतनदार, मग कुणबी, मग कारू-नारू, आणि ओट्याखाली, दूर, अंधारात महारवाड्यातील व मांगवाड्यातील जे कोणी आले असतील ते. ज्याच्या दवंडीने गाव पोथीला जमला तोच माणूस दवंडी संपताच त्या अंधारात जाऊन बसे. पोथीत शबरीची बोरे रामाने खाल्ली हे वाचले जाई, चोखोबांसाठी विठ्ठल गावकुसाबाहेर गेला हे कीर्तनात सांगितले जाई, श्रोत्यांचे डोळे भरून येत, आणि चोखोबांच्या ज्ञातीचा माणूस त्याच वेळी दहा हातांवर बसलेला असे. प्रत्यक्ष पंढरीतही चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेरच आहे.

बापाच्या मांडीवर बसलेले मूल या प्रसंगी दोन पाठ एकदम शिके. एक पाठ कानांनी शिकलेला, की देवाला सारी लेकरे सारखी. दुसरा डोळ्यांनी शिकलेला, की अमक्याने अमक्या जागी बसावयाचे. कानांचा पाठ वर्षातून महिनाभर मिळे, आणि डोळ्यांचा बाराही महिने, विहिरीवर, देवळात, पंगतीत आणि चावडीवर. मुलांनी कोणता पाठ खरा मानला हे निराळे सांगावयास नको. समभावाची पुस्तके मुलांना वाचून दाखविणाऱ्या प्रत्येकाने आमच्या या जुन्या अनुभवाचा विचार केला पाहिजे, कारण उत्तमोत्तम ग्रंथ, रसाळ वाचन आणि भाविक श्रोते ही तीनही अनुकूल असताना परिणाम काय झाला याचे एवढे दीर्घ उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

शाळा आल्या तेव्हा ही आखणी शाळेत आली. साताऱ्याच्या शाळेत बाळ भीमरावाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, हे पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. त्याच्या कितीतरी आधी, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ज्ञानोदयात प्रसिद्ध झाला. दलित स्त्रीच्या लेखणीतून आलेले हे आद्य मराठी लेखन मानले जाते. ग्रंथ कोणाचे, ते वाचण्याचा अधिकार कोणाला, आणि ज्याला तो नाही त्याचा धर्म कोणता, असे प्रश्न त्या कोवळ्या वयाच्या मुलीने विचारले. हा निबंध आज एखाद्या वर्गात मोठ्याने वाचावा आणि मग मुलांना बोलू द्यावे. त्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज पडत नाही.

निजामाच्या मुलखातील बीडला पुण्याचे वारे उशिराने लागले. राज्यकारभार प्रथम फारसीत व नंतर उर्दूत, माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू, खासगी शाळा काढावयाची तर परवानगीच्या दरखास्तीला कचेऱ्यांची फेरी, आणि सभासंमेलनांना आवर घालणारे गश्ती निशाण त्रेपन्न हे प्रसिद्ध परिपत्रक, अशा परिस्थितीत मराठी पुस्तक हाती घेऊन चार माणसांत वाचणे हेदेखील धारिष्टाचे काम होते. अंबाजोगाई तेव्हा सरकारी दप्तरात मोमिनाबाद या नावाने ओळखली जाई. तेथे १९१७ साली योगेश्वरीची शाळा उभी राहिली, आणि १९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून तिच्या कामासाठी आले. त्या शाळेच्या वर्गांतून वाढलेल्या तरुणांनी पुढे मुक्तिसंग्रामात भाग घेतला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मला येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, आपल्या भाषेत मोठ्याने वाचण्याचा अधिकार हिरावला जाणे म्हणजे काय, याचा अनुभव या जिल्ह्यातील सवर्ण समाजालाही त्या काळात आला. आणि हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी काहींना तरी वेशीबाहेरच्या माणसाचे दुःख अधिक लवकर उमगले.

वाचनाच्या रूढीत खरी क्रांती मात्र शाळांनी केली नाही. ती वस्त्यांनी केली. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाले, १९२७ साली बहिष्कृत भारत, १९३० साली जनता. ही पत्रे महाराष्ट्रातील ज्या ज्या महारवाड्यांत पोहोचली तेथे ती एकट्याने वाचली गेली नाहीत, कारण वाचता येणारा असे एखादाच, आणि तो बहुधा शाळेत जाणारा कोवळा मुलगा असे. संध्याकाळी कामावरून परतलेली माणसे भोवती बसत, कंदील त्या मुलाजवळ सरकविला जाई, आणि तो अडखळत, जोडाक्षरांवर थांबत, बाबासाहेबांचे लेख वाची. वाचकाची जागा आजवर वतनदाराची. त्या जागी आता दहाबारा वर्षांचे पोर बसले, आणि पिकल्या केसांचे श्रोते त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. हवानाच्या चिरूटांच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांनी आपल्यातील एकाला वाचनासाठी नेमून काम करता करता वर्तमानपत्रे व कादंबऱ्या ऐकण्याची प्रथा पाडली, तिचे कौतुक जगभर होते. आमच्या वस्त्यांतील या बालवाचकांचे कौतुक अद्याप व्हावयाचे आहे. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून बाबासाहेबांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा जो अपमान झाला, त्यानंतर चार वर्षांनी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, कन्नडजवळ मक्रणपूर येथे मराठवाड्यातील अस्पृश्यांची परिषद भरली. अशा सभांना दूरदूरच्या खेड्यांतून माणसे चालत आली, तेव्हा त्यांच्या मनाची मशागत कंदिलाच्या उजेडातील त्या वाचनाने आधीच केलेली होती.

मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या ग्रंथांत साने गुरुजींच्या श्यामच्या आईचा निर्देश केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक आरंभापासूनच ऐकण्यासाठी रचलेले आहे. रात्री प्रार्थनेनंतर मित्र जमतात आणि श्याम सांगतो. त्यात एका वृद्ध महारणीच्या डोक्यावर लाकडांची मोळी चढवून देण्यास आई श्यामला पाठविते, तो प्रसंग मराठी घरांतून किती वेळा वाचला गेला असेल याची गणती नाही. लेखकाने आपल्या शब्दांची किंमत १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी प्राणांतिक उपोषण करून मोजली, म्हणून त्या प्रसंगाला वजन आहे. तरीही एक उणीव जाणवते, आणि ती गुरुजींविषयीच्या पूर्ण आदराने सांगितली पाहिजे. त्या प्रसंगातील वृद्धेला श्यामची दया मिळते. तिची स्वतःची कथा, तिच्या तोंडून, आपल्याला ऐकू येत नाही. ज्या वर्गात तिची पणती बसली असेल त्या वर्गात हा प्रसंग वाचताना ती मुलगी स्वतःला कोठे पाहील, हा विचार वाचणाऱ्याने करावयास हवा.

अमेरिकेत हाच प्रश्न वर्णाच्या संदर्भात विचारला गेला. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात तीन वर्षांतील पाच हजारांहून अधिक बालपुस्तके तपासून दाखविले की, त्यांपैकी अवघ्या ६.७ टक्के पुस्तकांत कृष्णवर्णीय व्यक्ती आढळते. शाळेत शेजारी शेजारी बसू लागलेल्या मुलांना पुस्तकांत मात्र एकच रंग दिसत होता. १९६२ साली एझ्रा जॅक कीट्स यांच्या द स्नोई डे या चित्रपुस्तकातील पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा केवळ बर्फात खेळतो, कोणाच्या दयेचा विषय होत नाही, आणि म्हणूनच ते पुस्तक त्या वाङ्मयात मैलाचा दगड ठरले. या सर्व विचाराशी मराठी माणसाचे नाते नवे नाही. जोतीरावांनी १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता; १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता; आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथून घेतले. वर्णद्वेष आणि जातिभेद एकच नव्हेत, त्यांचे मूळ व त्यांची यंत्रणा भिन्न आहे. परंतु मुलाच्या मनात ते शिरतात त्या वाटा सारख्या आहेत. लॅरिक यांनी केली तशी मोजणी मराठी बालपुस्तकांचीही व्हावी, आणि तीत तांडा, पाल, मोहल्ला, बौद्धवाडा आणि उसाच्या फडावरची कोपी किती वेळा येते हे पाहिले जावे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५० साली औरंगाबादेस बाबासाहेबांनी पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखली गेलेली संस्था सुरू केली, आणि बीडच्या खेड्यांतील पहिल्या पिढीची दलित मुले तेथे जाऊन शिकली. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन पारध्यांसारख्या जमाती कागदोपत्री मुक्त झाल्या. गावांच्या मनातून तो कायदा अजून गेलेला नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. ज्या पिढीने ती आग लावली किंवा मुकाट्याने पाहिली, ती पिढी स्वातंत्र्यानंतरच्या शाळांत शिकलेली होती आणि सर्वधर्मसमभावाचे धडे तिने पाठ केलेले होते. लक्ष्मण माने यांचे उपरा १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या १९८७ साली आले, तेव्हा पालांतले बालपण प्रथमच त्या बालपणाच्या धन्यांनी सांगितले.

आज या जिल्ह्यातील शाळेचा एखादा वर्ग पाहावा. २०११ च्या जनगणनेत सुमारे २६ लाख लोकसंख्या आणि ७७ टक्के साक्षरता असलेल्या या ११ तालुक्यांच्या जिल्ह्यात, एकाच वर्गात घरी गोरमाटी बोलणारे तांड्यावरचे मूल, दखनी उर्दू बोलणारे मोहल्ल्यातले मूल, पारधी वस्तीवरचे मूल, आणि मराठा, वंजारी, धनगर, बौद्ध, मातंग घरांतील मुले एकत्र असतात. अशा वर्गात वाचून दाखविण्याचा प्रघात गेल्या काही वर्षांत नव्याने रुजतो आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१२ पासून जागतिक साक्षरता दिनी देशभर स्वयंसेवकांकडून मुलांना एकच गोष्ट वाचून दाखविण्याचा उपक्रम चालविला. राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन झाला. करोनाच्या काळात गोष्टींचा शनिवार हा उपक्रम घरोघर पोहोचला. सेवानिवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, ग्रंथालयाचा सेवक, गावातली शिकलेली सून, असे कोणीही यात वाचक होऊ शकते, हे या उपक्रमाचे सौंदर्य आहे, आणि जुन्या पोथीवाचकाच्या मक्तेदारीकडे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व अधिकच पटते.

परंतु येथे एक फार नाजूक गोष्ट आहे. स्वयंसेवक पारधी मुलाची गोष्ट वाचू लागतो, तिच्यात त्या मुलावर चोरीचा आळ येतो, वर्गातील सारी मुले हळूच मान वळवून कोपऱ्यात बसलेल्या एकाकडे पाहतात, आणि ज्याच्या सन्मानासाठी ती गोष्ट लिहिली गेली तोच त्या घटकेला वर्गात उघडा पडतो. लेखकाचा हेतू शुद्ध, वाचकाचा हेतू शुद्ध, आणि तरी मुलाने ती अर्धी घटका मान खाली घालून काढली. हा दोष पुस्तकाचा नाही. ओट्याखालच्या जागेसारखीच ही वर्गातली जागा आहे, आणि ती मोडल्याखेरीज पुस्तक उघडण्यात अर्थ नाही. जे वाचक हे काम समजून करतात ते आधी रांगा मोडून मुलांना गोलात बसवितात. मैत्रीखेरीज दुसऱ्या कारणाने कोणी कोणाजवळ बसले असेल तर खेळ घेऊन जागा बदलतात. आळ आणि अन्याय यांच्या गोष्टींआधी त्याच वस्तीवरच्या खेळाच्या, खोडीच्या, शिकारी कुत्र्याच्या, सणाच्या गोष्टी वाचतात, म्हणजे त्या मुलाला काही ठाऊक आहे आणि इतरांना ते त्याच्याकडून शिकावयाचे आहे असा प्रसंग येतो. तांड्यावरच्या मुलीला एखाद्या शब्दाला गोरमाटीत काय म्हणतात ते विचारले की सारा वर्ग तिच्या तोंडाकडे पाहतो, आणि या वेळी त्या पाहण्यात तिरस्कार नसतो. पुढे पुस्तक तिच्याच हाती द्यावे. ती अडखळली तरी कोणी पुढचा शब्द सांगू नये. महारवाड्यातील कंदिलाजवळच्या त्या मुलाला त्याच्या श्रोत्यांनी जो वेळ दिला, तो तिलाही मिळाला पाहिजे.

या कामाची निकड अलीकडे फार वाढली आहे. गेल्या दोनतीन वर्षांत आरक्षणाच्या वादाने आणि त्यानंतरच्या हिंसेने जिल्ह्यातील जातींमधील दुरावा इतका वाढला की, २०२५ साली बीडच्या पोलीस दलाने कर्मचाऱ्यांच्या नामफलकांवरून आडनावे काढून केवळ नावे ठेवली. प्रौढांच्या दप्तरात आडनाव अडचणीचे झाले, तर मुलांच्या हजेरीपटातील आडनावांनी मधल्या सुट्टीत काय घडत असेल याचा अंदाज करता येतो. ज्या हॉटेलात आपल्या समाजाचा माणूस बसत नाही तेथे चहा घेऊ नये, असे घरी ऐकलेले मूल वर्गात डबा कोणाबरोबर खाईल?

आणि मग दिवाळी येते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कारखान्याच्या हिशेबात एक कोयता म्हणतात, ती पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडणीसाठी निघतात, आणि वर्गातील कितीतरी मुले गाडीवर बसून त्यांच्याबरोबर जातात. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिल्यापासून साखरेचा व्याप जसा वाढला, आणि १९७२ च्या दुष्काळाने जशी येथील कोरडवाहू शेती मोडली, तशी ही वाट अधिकाधिक रुंद झाली. साखरशाळा निघाल्या आणि बऱ्याचशा बंद पडल्या. शिक्षणहक्काच्या कायद्यानंतर हंगामी वसतिगृहांवर भर देण्यात आला. शिरूर तालुक्यातील आर्वीचे शांतिवन यांसारख्या संस्थांनी शेकडो मुलांना गावी ठेवून घेतले. तरीही जी मुले जातात ती जातातच, आणि तिकडच्या शाळेत गेलीच तर तेथे त्यांची नवी ओळख होते. गावी जो मुलगा बहुसंख्य जातीचा, पुढच्या रांगेत बसणारा, पारध्याच्या पोराला हसणारा असेल, तो तेथे बीडचा, उसतोड्याचा, कोपीतला, मळक्या कपड्यांचा ठरतो, आणि शेवटच्या रांगेत बसतो. अक्षय्य तृतीयेच्या आसपास तो परत येतो तेव्हा त्याला तुच्छता म्हणजे काय हे कोणी वाचून दाखवावे लागत नाही. त्या अनुभवाचे तो काय करील, तो त्याच्या मनात कटुता होऊन राहील की शेजारच्या पोराविषयीची समज होऊन, हे पुष्कळसे त्याला त्याविषयी बोलावयास मोकळी जागा मिळते की नाही यावर ठरते, आणि जून महिन्यातील पहिल्या वाचनाला अशा बोलण्याला वाट देणारे पुस्तक निवडणारे वाचक आपल्याला हवे आहेत.

ऑक्टोबरात सुरू केलेले पुस्तक त्या मुलांपुरते नोव्हेंबरात अर्धेच राहते. शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत ते पुस्तक निर्लेखित करावे लागले तरी हरकत नाही, पण निघताना ते त्या मुलाच्या हाती द्यावे, पुढचे प्रकरण कोणते ते खूण घालून सांगावे, आणि फडावर संध्याकाळी ते आपल्या टोळीतील लहानमोठ्यांना त्याने मोठ्याने वाचून दाखवावे असे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.